टॅन्टॅलनचा दगड आणि समुद्राचा लोणा

स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकच्या पूर्वेला, तीन बाजूंनी समुद्राचे कडे असलेल्या टेकाडावर टॅन्टॅलनचा किल्ला आहे. चौथ्या, जमिनीकडच्या बाजूला डग्लस घराण्याने चौदाव्या शतकात एकच भिंत घातली: सुमारे 15 मीटर उंच, साडेतीन मीटरहून जाड. 1651 मध्ये इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या तोफांनी तिचे बुरुज फोडले. तोफा गेल्या, मीठ मात्र रोज येतं.

भिंतीचा लाल वालुकाश्म सच्छिद्र असतो. वाऱ्याबरोबर आलेलं खारं पाणी तो शोषतो. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांखाली गेली की छिद्रातल्या मिठाचे स्फटिक बनतात आणि छिद्राच्या कडांवर दाब देतात. दमट वारा सुटला की ते पुन्हा विरघळतात. असं वर्षभर चालतं. कण सुटे होतात, पापुद्रे धरतात, अंगठा फिरवला तर लाल रेती हातात येते. आपल्याकडे यालाच भिंतीला लोणा लागला म्हणतात.

खरं नुकसान मात्र पुष्कळदा दुरुस्तीच करते. दरजा, म्हणजे दोन दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरल्या की पाण्याची वाट बंद होते. सिमेंट दगडाहून कडक आणि कमी सच्छिद्र, त्यामुळे ओल दगडातूनच बाहेर पडते आणि मीठही तिथेच साठतं. काही दशकांनी दगड आत झिजतो, सिमेंटची चौकट तेवढी मधाच्या पोळ्यासारखी पुढे उरते. भरणी दगडापेक्षा मऊच हवी: झिजायचं तर तिने झिजावं, ती बदलता येते.

म्हणून चुना. जुनी भरणी छिन्नीने, दरजेच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोलीपर्यंत काढायची. कटर यंत्र लावलं तर दगडाच्या कडा जातात. धूळ झाडून दरज ओली करायची, नाहीतर कोरडा दगड चुन्यातलं पाणी पिऊन टाकतो. पाण्यातही घट्ट होणारा जलीय चुना एक भाग, धारदार कणांची धुतलेली वाळू अडीच ते तीन भाग. किनाऱ्यावरची वाळू नको, तिच्यातून मीठच आत जातं. मोठ्या पोकळ्यांत दगडाच्या चिपा ठोकायच्या. नुसता चुना कोंबला तर आकसून भेगा पडतात.

मग ओलं गोणपाट टांगायचं आणि थांबायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडी होतो, त्याला ओल लागते. पारा 5 अंशांखाली जाणार असेल तर काम काढूच नये: हिवाळ्यात ओल्या भरणीतलं पाणी गोठून फुगतं आणि वसंतात सगळी भरणी भुगा होऊन खाली पडलेली दिसते.