हातात क्रूस, पुढे बिशपपद : बार्बरा हॅरिस

२९ जुलै १९७४. फिलाडेल्फियातलं चर्च ऑफ द ॲडव्होकेट माणसांनी खच्चून भरलं होतं. एपिस्कोपल चर्चची, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून निघालेल्या अँग्लिकन परंपरेच्या अमेरिकी शाखेची, परवानगी नसताना तीन माजी बिशप अकरा स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देणार होते. मिरवणुकीच्या पुढे क्रूस उंच धरून एक कृष्णवर्णीय बाई चालत होती. ती त्या अकरांपैकी नव्हती. ती त्याच चर्चची सभासद, तेल कंपनीत जनसंपर्काचं काम करणारी. नाव बार्बरा हॅरिस.

हॅरिस यांचं नाव निघालं की ‘अँग्लिकन जगातली पहिली महिला बिशप’ एवढं सांगून लोक पुढे सरकतात. मला वाटतं, ती गोष्ट त्या क्रूसापासून सांगायला हवी.

त्यांचा जन्म १९३० चा, फिलाडेल्फियाचाच. नोकरी सांभाळून त्या सुट्टीत मिसिसिपीत जाऊन कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करत. १९६५ मध्ये सेल्माच्या मोर्चातही, कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठी निघालेल्या, चालल्या. स्त्रियांच्या दीक्षेला चर्चने १९७६ मध्ये मान्यता दिली. त्यानंतर हॅरिस स्वतः १९७९ मध्ये डीकन (पाळकाच्या आधीची पायरी) आणि १९८० मध्ये पाळक झाल्या, म्हणजे पन्नाशीला. धर्मशिक्षणाची पदवी नव्हती. मात्र तुरुंगातल्या कैद्यांमध्ये केलेली सेवा होती, आणि पुढे ‘द विटनेस’ नियतकालिक काढणाऱ्या संस्थेची जबाबदारीही होती. तिथे त्या फार रोखठोक लिहीत.

हॅरिस पुढे झाल्या त्या सफ्रगन बिशप. सफ्रगन म्हणजे धर्मप्रांताच्या मुख्य बिशपचा साहाय्यक. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात, १५३४ मध्ये, या पदासाठी कायदा झाला. अमेरिकेत सफ्रगनचीही निवडणूकच होते, पण मुख्य बिशप गेल्यावर ती गादी त्याच्याकडे आपोआप येत नाही. पद दुय्यम असलं, तरी अभिषेक पूर्ण बिशपचा. तो झाल्यावर पाळकांना दीक्षा देता येते. विरोधकांना खुपत होतं ते हेच, कारण एका स्त्रीने दिलेली दीक्षा पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालणार होती.

२४ सप्टेंबर १९८८ रोजी मॅसॅच्युसेट्स धर्मप्रांताने त्यांना सफ्रगन म्हणून निवडलं. तेवढ्याने काम भागत नव्हतं. देशभरच्या धर्मप्रांतांची बहुमताने संमती लागत होती. त्या काही महिन्यांत त्यांचा घटस्फोट, पदवी नसणं, राजकीय मतं, सगळं चव्हाट्यावर आलं. धमक्याही आल्या. अभिषेकाच्या वेळी घालायला गोळी अडवणारं जाकीट देऊ केलं गेलं. त्यांनी ते घातलं नाही.

११ फेब्रुवारी १९८९ रोजी बोस्टनच्या सभागृहात सुमारे आठ हजार माणसं जमली. रिवाजाप्रमाणे कुणाची हरकत आहे का, असं विचारलं गेलं. दोन पुरुषांनी पुढे येऊन आक्षेप वाचले. ते ऐकून घेतले गेले आणि विधी पुढे चालू राहिला. प्रवचन पॉल वॉशिंग्टन यांचं होतं, १९७४ मध्ये ज्यांच्या चर्चमध्ये तो क्रूस उचलला गेला होता ते. प्रभुभोजनाच्या वेळी वेदीपाशी ली टिम-ओई उभ्या होत्या. अँग्लिकन परंपरेतल्या या पहिल्या स्त्री पाळकाला १९४४ मध्ये, युद्धकाळात, चीनमध्ये दीक्षा मिळाली होती आणि युद्धानंतर वादामुळे तो अधिकार बाजूला ठेवावा लागला होता. त्या दिवसाचं हे चित्र मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

इंग्लंडच्या चर्चमध्ये तेव्हा स्त्रीला पाळकसुद्धा होता येत नव्हतं. तिथली पहिली महिला बिशप, लिबी लेन, २०१५ मध्ये झाली, तीही स्टॉकपोर्टची सफ्रगनच. आपल्याकडे चर्च ऑफ साउथ इंडियाने त्याआधी, २०१३ मध्ये, पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशप केलं होतं.

हॅरिस २००२ मध्ये निवृत्त झाल्या आणि १३ मार्च २०२० रोजी, ८९ व्या वर्षी वारल्या. त्यांच्या जागी मॅसॅच्युसेट्सने पुन्हा एका कृष्णवर्णीय स्त्रीलाच निवडलं, गेल हॅरिस यांना. आडनाव तेच, नातं काही नाही.