ड्यूमा आणि ह्यूगोची जुनी इंग्रजी भाषांतरं घेण्याआधी हे वाचा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

फ्रेंच कादंबरीकार ड्यूमाची 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो', 'थ्री मस्केटिअर्स' आणि ह्यूगोची 'हंचबॅक ऑफ नोत्र दाम', 'ले मिझराब्ल' ही पुस्तकं आमच्याकडे वर्षभर मागितली जातात आणि बहुतेक लोक फक्त कव्हर आणि किंमत बघून घेतात. आमचं म्हणणं एवढंच की पैसे देण्याआधी भाषांतर कोणाचं आणि कधीचं ते विचारा, कारण कादंबरी तीच असली तरी दोन भाषांतरांत अख्खे प्रसंग कमीजास्त असू शकतात. मूळ फ्रेंच आपल्यापैकी फार थोड्यांना येतं, तेव्हा आपण जे वाचतो ते त्या भाषांतरकाराचंच असतं.

आधी हे सगळं कसं झालं ते थोडक्यात. यातल्या ड्यूमाच्या कादंबऱ्या फ्रान्समध्ये रोजच्या पेपरात हप्त्याहप्त्याने यायच्या. 'थ्री मस्केटिअर्स' 1844 च्या मार्च ते जुलैमध्ये 'ल सिएक्ल' या पेपरात आली, 'माँटे क्रिस्टो' त्याच वर्षी ऑगस्टला 'जुर्नाल दे देबा'मध्ये सुरू झाली ती 1846 च्या जानेवारीपर्यंत चालली. त्या काळात ब्रिटन आणि फ्रान्समध्ये कॉपीराइटचा करारच नव्हता, तो झाला 1851 साली, आणि अमेरिकेने तर परदेशी लेखकांना कॉपीराइट दिला तो थेट 1891 मध्ये. म्हणजे लेखकाला न विचारता, एक पैसा न देता कोणीही भाषांतर छापू शकत होतं, फक्त दुसऱ्याच्या आधी बाजारात आणायचं. त्यामुळे एकट्या 1846 साली 'मस्केटिअर्स'ची दोन वेगळी इंग्रजी भाषांतरं आली, लंडनला विल्यम बॅरोचं आणि अमेरिकेत बाल्टिमोरला पार्क बेंजामिनचं, त्याने नाव ठेवलं 'द थ्री गार्ड्समेन'. 1853 ला रूटलेज या प्रकाशकाने विल्यम रॉब्सनचं तिसरं काढलं. बॅरोचं भाषांतर आजही छापलं जातं आणि आमच्या मते वाचायला खरंच छान आहे, वेग आहे त्यात, तलवारबाजी आणि संवाद कुठे अडखळत नाहीत. पण कथेतली खलनायिका मायलेडी आणि नायक डार्तान्यां यांच्यातले रात्रीचे प्रसंग व्हिक्टोरियन वाचकांना झेपावेत म्हणून पुसट केलेत, त्यामुळे मायलेडी पुढे इतकी सूडाला का पेटते ते नीट कळत नाही, आणि ते कळणं महत्त्वाचं आहे, कारण कथेचा सगळा उत्तरार्ध त्यावर उभा आहे.

'माँटे क्रिस्टो'चं तर आम्ही प्रत्येकाला सांगतो. 1846 मध्ये चॅपमन अँड हॉल या प्रकाशकांनी दोन खंडात काढलेलं भाषांतर आहे, त्यावर भाषांतरकाराचं नावच नाही. पुढे हेच थोडंफार इकडेतिकडे करून वेगवेगळ्या प्रकाशकांनी छापत आणलं आणि आज स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक आवृत्त्या, इंटरनेटवर फुकट मिळते तीसुद्धा, याच घराण्यातल्या. कथा यात पूर्ण आहे, ही चोरटी कापाकापी नाही. पण युजेनी दांग्लार आणि तिची मैत्रीण लुईझ यांच्यातलं प्रेम जवळजवळ दिसेनासं केलंय आणि बेटावरच्या गुहेत फ्रान्झ हशीश घेतो तिथलं स्वप्न फार सोवळं करून ठेवलंय. ड्यूमाने जे लिहिलं ते सगळं हवं असेल तर 1996 चं रॉबिन बसचं पेंग्विनमधलं भाषांतर घ्या. जुन्या इंग्रजीची ती भारदस्त चाल आवडत असेल तर 1846 चंच घ्या, फक्त काय घेतोय ते माहीत असू द्या.

संक्षिप्त आवृत्ती ओळखायची सोपी खूण म्हणजे अनुक्रमणिका. पूर्ण 'माँटे क्रिस्टो'ची 117 प्रकरणं असतात, 'मस्केटिअर्स'ची 67 आणि वर एक उपसंहार. आकडा बराच कमी दिसला तर विचारा, कव्हरवर 'अब्रिज्ड' लिहिलेलं असेलच असं नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो मस्केटिअर्सच्या तीन कादंबऱ्यांच्या मालिकेतल्या शेवटच्या भागात. 'ट्वेंटी इयर्स आफ्टर' नंतरची कादंबरी म्हणजे 'व्हिकोंत द ब्राझलॉन', ती इतकी प्रचंड आहे की इंग्रजीत एका पुस्तकात मावेना म्हणून प्रकाशकांनी तिचे तुकडे पाडले, कोणी तीन, कोणी चार, कोणी पाच. तीन भागांत 'व्हिकोंत द ब्राझलॉन', 'लुईझ द ला व्हालिएर' आणि 'द मॅन इन द आयर्न मास्क' अशी नावं असतात, चार केले की मध्ये 'टेन इयर्स लेटर' येतं. आता अडचण अशी की एकाच नावाचं पुस्तक वेगवेगळ्या सेटमध्ये वेगवेगळ्या प्रकरणापासून सुरू होतं, म्हणजे एका सेटचा दुसरा भाग आणि दुसऱ्या सेटचा तिसरा भाग घेतलात तर मधला मोठा तुकडा गायब होतो किंवा तोच मजकूर दोनदा वाचावा लागतो. 'मॅन इन द आयर्न मास्क' नावाची वेगळी कादंबरी ड्यूमाने लिहिलेलीच नाही, तो या मोठ्या कादंबरीचा शेवट आहे आणि तो एकटा वाचला तर मस्केटिअर आरामिस असं का वागतोय ते कळत नाही. म्हणून हा सेट आम्ही शक्यतो सुटा विकत नाही. तुमच्याकडे आधीच एखादा भाग असेल तर त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या प्रकरणाचं नाव सांगा, जुळणारा भाग शोधून देऊ.

नावं बदलण्याची सवयही होतीच. ड्यूमाची 'ला रेन मार्गो' जुन्या इंग्रजीत 'मार्गरेट ऑफ व्हालवा' या अर्थाच्या नावाने मिळते, 'ला दाम द मॉन्सोरो' मिळते 'चिको द जेस्टर' म्हणून आणि 'जोसेफ बाल्सामो' 'मेमॉयर्स ऑफ अ फिजिशियन' म्हणून, तेव्हा नवीन पुस्तक समजून दुसऱ्यांदा घेऊ नका. ह्यूगोची 1831 ची 'नोत्र दाम द पारी' सुद्धा 1833 मध्ये फ्रेडरिक शोबर्लच्या भाषांतरात 'हंचबॅक' झाली आणि तेच नाव चिकटलं.

'ले मिझराब्ल'बद्दल आमचं मत ठाम आहे. 1862 साली मूळ पुस्तक आलं त्याच वर्षी न्यूयॉर्कला चार्ल्स विल्बरचं भाषांतर पाच खंडात निघालं, तेव्हा हा माणूस तिशीचाही नव्हता, आणि त्याने वॉटर्लू, पॅरिसची गटारं, मठ, सगळी लांबलचक विषयांतरं इमानाने ठेवली. (हाच विल्बर पुढे इजिप्तच्या प्राचीन लेखांचा अभ्यासक झाला.) लंडनला त्याच वर्षी लासेल्स रॅक्सॉलचं आलं, त्यात काही भाग गाळलेत. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध चालू होतं, दक्षिणेकडच्या रिचमंडला 1863-64 मध्ये जी आवृत्ती छापली तिच्यातून गुलामगिरीविरुद्धची वाक्यं काढून टाकली, आणि हीच कादंबरी दक्षिणेच्या सैनिकांनी छावण्यांमध्ये वाचली. माणसाच्या अन्यायावर लिहिलेल्या पुस्तकातून नेमकं तेच काढायचं, याचं आम्हाला अजून वाईट वाटतं. जुनं घ्यायचं तर विल्बर, नाहीतर 1887 चं इझाबेल हॅपगूड.

मराठी वाचकांसाठी यात एक धागा आपल्याकडचा आहे. फ्रेंच लेखक युजेन स्यूच्या 'मिस्टरीज ऑफ पॅरिस'ने (1842-43) वेड लावलं ते बघून लंडनच्या रेनॉल्ड्सने 'मिस्टरीज ऑफ लंडन' लिहिलं. हा रेनॉल्ड्स स्वतः ह्यूगोचाही भाषांतरकार, आणि त्याच्या कादंबऱ्या आपल्याकडे त्या पिढीने अक्षरशः फडशा पाडल्यासारख्या वाचल्या. हरिभाऊ आपट्यांची 1885 ची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' रेनॉल्ड्सवरच बेतलेली होती. स्यू आणि रेनॉल्ड्स दोन्ही कोणी मागितले तर आम्हाला फार आनंद होतो, जरूर विचारा.

आमच्याकडच्या अशा प्रत्येक पुस्तकात आम्ही आत एक चिठ्ठी ठेवतो, तिच्यावर भाषांतरकार, भाषांतराचं मूळ साल आणि ही प्रत कधी छापलेली ते लिहितो. पुष्कळ जुन्या प्रतींवर, रूटलेजच्या तर खासच, सालच नसतं, तिथे आम्ही 'साल नाही' असंच लिहितो, अंदाजाने जुनं म्हणून किंमत लावत नाही. घरी आजोबांच्या कपाटातली अशी प्रत असेल तर टायटल पेज, त्याची मागची बाजू आणि अनुक्रमणिका यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, भाषांतर कोणतं ते फुकट सांगू, विकायची नसली तरी.