पाखरांचा कुत्रा आणि मुधोळी पिल्लू : शिकवणीची पार्श्वभूमी

तित्तर, लावा अशा माळावरच्या पाखरांसाठी कुत्रा तयार करण्याची जी युरोपीय पद्धत आज वाचायला मिळते, तिचा पाया उडत्या पाखरावर बंदूक चालू लागण्याच्या आधीचा आहे. सोळाव्या शतकातील इंग्लंडात सेटर कुत्रा वासावरून थवा हेरून जमिनीशी दबून बसत असे आणि शिकारी त्या थव्यावर जाळे ओढत. कुत्रा एक पाऊल पुढे सरकला तरी पाखरे उडत. म्हणून थांबणे हाच त्याचा सर्वांत मोठा गुण ठरला. पुढे छऱ्याची बंदूक आली आणि जाळे गेले, पण शिस्त तीच राहिली. पिल्लाला लांब दोरीवर ठेवून हाकेसरशी थांबवायचे, पाखरू फडफडून उठले तरी मागे धावू द्यायचे नाही, बंदुकीचा आवाज दुरून, हळूहळू अंगवळणी पाडायचा, पडलेले पाखरू न चिरडता आणायला शिकवायचे, हा क्रम त्यातूनच घडला. आवाजाची पायरी घाईने उरकल्यास भेदरलेले पिल्लू पुन्हा सावरणे फार अवघड जाते.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील परंपरा नेमकी उलट आहे. घटप्रभेकाठच्या मुधोळ संस्थानात मालोजीराव घोरपडे यांनी जोपासलेला कारवानी, म्हणजेच मुधोळी, कुत्रा नजरेने शिकार हेरतो. ससा दिसताच त्याला सोडायचे आणि त्याने वेगाच्या बळावर तो गाठायचा. पाखरे धरण्याचे कसब फासेपारधी जमातीचे, जिला इकडे हरणशिकारी म्हणतात, आणि त्यांचे साधन फासे. पॉइंटर, स्पॅनियल ही वासावरून पाखरे हेरणारी कुत्री हिंदुस्थानात आली ती इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर. बेळगावचा किल्ला १८१८मध्ये इंग्रजांकडे गेला आणि तेथे छावणी वसली. त्यामुळे मुधोळी पिल्लावर पॉइंटरचे सगळे धडे लादणे म्हणजे त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या घडणीविरुद्ध जाणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्याची बाजू त्याहून महत्त्वाची आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या केवळ मारण्यापुरती नाही. वन्य प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हाकणे, फासे लावणे आणि तसा प्रयत्न करणे हेही तीत येते, आणि १९९१च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकारीची वाटही बंद केली. म्हणजे अथणी किंवा रायबागच्या माळावर बंदुकीशिवाय, निव्वळ सरावासाठी, रानातील तित्तरावर पिल्लू सोडणेसुद्धा या व्याख्येत येऊ शकते. थांबणे, हाकेला परतणे, कापडाची गुंडाळी आणून देणे हे धडे मात्र पाखराशिवाय देता येतात आणि ते मुधोळी पिल्लालाही उपयोगी पडतात. २०१६मध्ये मुधोळची काही पिल्ले मेरठच्या लष्करी केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली, तीही शिकारीसाठी नव्हे, तर सैन्यातील कामासाठी.