लवचीक रेणूंची सममिती : पार्श्वभूमी

यवतमाळ-वाशीमकडच्या तालुक्याच्या कॉलेजांत एमएस्सीची पोरं ग्रुप थिअरी, म्हणजे सममितीच्या क्रियांचं गणित, शिकतात ती पॉइंट ग्रुपपुरती: रेणू फिरवून किंवा आरशात धरूनही तसाच दिसतो अशा क्रियांच्या संचापुरती. अमोनियाचा ग्रुप सी-थ्री-व्ही, त्याचा तक्ता म्हणजे कॅरेक्टर टेबल पाठ, पेपर सुटला. 1930च्या आसपास क्वांटम यांत्रिकीत आलेला हा हिशेब ताठ रेणूंसाठी चोख आहे. अमोनिया मात्र ताठ नाही.

कास्तकाराच्या गोठ्यात नाकाला झोंबतो तो हाच वायू. त्याचा नायट्रोजन तीन हायड्रोजनांच्या प्रतलातून आरपार निसटतो, म्हणून अवरक्त वर्णपटात 932 आणि 968 प्रति सेंटिमीटरला जोडशिखरं येतात. 1934 मध्ये याच निसटण्यामुळे होणारं सव्वा सेंटिमीटर तरंगलांबीजवळचं शोषण थेट मोजलं गेलं. 1954चा मेसर, म्हणजे सूक्ष्मतरंगांचा लेसर, त्यावरच चालला. तरीही अशा रेणूंना ग्रुप ठरवून देण्याची सर्वसाधारण रीत नव्हती.

ती 1963 मध्ये आली. अक्ष आणि आरसे बाजूला ठेवा. सारख्या अणुकेंद्रांच्या अदलाबदली मोजा, जोडीला सगळ्या कणांची स्थानं वस्तुमानकेंद्रातून उलटवा. ईथेनमध्ये अशा क्रिया 2880 भरतात. बहुतेकींसाठी बंध तोडावे लागतील, म्हणून प्रयोगाच्या कालावधीत रेणूला खरोखर जमतात तेवढ्याच धरायच्या. ईथेनच्या टोकाचा मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) अडकलेला मानला तर 12, फिरता मानला तर 36.

घोडं अडतं ते इथेच. काय जमतं, हे ठरवणार कोण, रेणू की यंत्र? अमोनियाला 12 क्रिया लागतात. फॉस्फीनची घडण तशीच, फक्त नायट्रोजनच्या जागी फॉस्फरस, पण उलटण्याच्या वाटेतला अडथळा इतका उंच की 6 पुरतात. उद्या कुणी तिथलंही विभाजन, म्हणजे एका रेषेच्या दोन होणं, मोजलं, की त्यालाही 12 द्यावे लागतील. रेणूची सममिती यंत्राच्या नजरेवर अवलंबून राहावी, हे शुद्धतावाद्यांना खटकतं. मला तर त्यातच या रीतीचा प्रामाणिकपणा दिसतो: जे दिसतं त्याचाच हिशेब. आमच्याकडे हा प्रश्न पोहोचलाच नाही. केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइडची) गोळी करून नागपूरला धाडलेल्या नमुन्याच्या पसरट पट्ट्यांत असलं विभाजन दिसणार कुठून?

1977 मध्ये पाण्याच्या जोडरेणूला (एकमेकांना धरून राहिलेल्या दोन रेणूंना) 96 पैकी 16 क्रियांचा ग्रुप लावला गेला. प्रोटॉन जोडलेल्या मिथेनमध्ये तर पाचही हायड्रोजन जागा बदलत राहतात, त्यामुळे 240 पैकी एकही क्रिया गाळता येत नाही. 1999 मध्ये त्याचा वर्णपट छापला गेला तेव्हा शेकडो रेषांपैकी एकीलाही नाव देता आलं नव्हतं, म्हणजे ती कोणत्या दोन ऊर्जापातळ्यांमधली हे सांगता आलं नव्हतं. 2015 मध्ये अतिशीत मोजणीतून रेषांमधल्या फरकांवरून खालच्या ऊर्जापातळ्यांची अंतरं हाती लागू लागली. पुढे तर त्याला पाच मितींत फिरणारा घूर्णक मानण्याचाही प्रस्ताव आला.