कूस बदलली की घर फिरतं

पहाटे कूस बदलली की खोली गर्रकन फिरते, गादी घट्ट धरून ठेवावी लागते, आणि मिनिटभराच्या आत सगळं जागच्या जागी येतं. माळ्यावरचा डबा काढताना, छताजवळच्या दोरीवर कपडे वाळत घालताना, ठाणे स्टेशनात मान वर करून इंडिकेटर बघताना पुन्हा तेच. नौपाड्यातली जुनी चाळ असो की घोडबंदर रोडचा टॉवर, घरच्यांचं निदान ठरलेलं असतं: बीपी, पित्त, नाहीतर मानेचा स्पॉन्डिलायसिस. मग मानेचा एक्स-रे, गळ्यात पट्टा आणि महिनोन्‌महिने चक्करेच्या गोळ्या. पण कूस बदलल्यावरच येणाऱ्या आणि लगेच थांबणाऱ्या अशा चक्करेचं मूळ बहुतेक वेळा कानात असतं.

आपल्या आतल्या कानात यूट्रिकल नावाची एक पिशवी असते. तिच्यातल्या चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक बसलेले असतात. डोकं कुठे कललं आहे हे शरीराला त्यांच्या वजनामुळे कळतं. शेजारीच द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्या डोकं वळल्याची नोंद घेतात. वाढतं वय, डोक्याला लागलेला मार किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळणं अशा कारणांनी काही स्फटिक सुटून या नलिकांत शिरतात. पुष्कळदा कारण सापडतही नाही. बहुतेकांच्या बाबतीत ते मागच्या नलिकेत उतरतात, कारण ती सगळ्यांत खाली असते. आपण आडवे झालो की हा गाळ घसरतो आणि सोबत द्रवही ओढतो. डोकं उशीवर स्थिर असतं, पण तो कान मेंदूला सांगत राहतो की आपण फिरतोय. स्फटिक तळाला टेकले की चक्कर थांबते.

डॉक्टर याला बीपीपीव्ही (बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो) म्हणतात, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की अचानक येणारी, पण जिवाला धोका नसलेली चक्कर. ओळखायला यंत्र लागत नाही. एमआरआयमध्ये हे स्फटिक दिसतच नाहीत. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक या डॉक्टरांनी १९५२ मध्ये मांडलेली तपासणी पुरते. रुग्णाला टेबलावर बसवून मान ४५ अंश एका बाजूला वळवतात आणि झटकन असं निजवतात की डोकं कडेवरून किंचित खाली लोंबेल. डोळे उघडे ठेवायचे. दोन-चार सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळं गोल गोल, झटके देत फिरू लागतात. रुग्ण डॉक्टरांचा हात गच्च पकडतो. हळूहळू झटके मंदावतात आणि नजर स्थिरावते. कोणता कान, कोणती नलिका, हे त्या डोळ्यांवरूनच कळतं.

उपचारही असाच, हातांनी करायचा. अमेरिकेतल्या ओरेगनचे कानाचे डॉक्टर जॉन एप्ली यांनी ही पद्धत मांडली तेव्हा अनेक सहकाऱ्यांनी ती हसण्यावारी नेली. त्यांचा सविस्तर शोधनिबंध १९९२ मध्ये आला आणि आज ती जगभर वापरतात. निजवलेल्या स्थितीतून डोकं दुसऱ्या बाजूला, मग कुशीवर वळून नाक जमिनीकडे, मग उठून बसायचं; प्रत्येक टप्प्यावर अर्धा-एक मिनिट थांबायचं. स्फटिक नलिकेतून फिरत फिरत यूट्रिकलमध्ये परत पडतात. पुष्कळ जणांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. गोळ्यांनी मळमळ आटोक्यात येते, स्फटिक मात्र जागचे हलत नाहीत. म्हणून वर्षभर गोळ्या घेत राहणाऱ्या काकूंना आपण सांगायला हवं: कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि ‘मला निजवून तपासाल का?’ असं स्पष्ट विचारा.

व्हिडिओ बघून घरीच सुरू करू नका. आधी बाजू आणि नलिका कळायला हवी. मानेचा किंवा मणक्याचा गंभीर त्रास असेल तर डॉक्टर पद्धत बदलतात. आणि चक्करेबरोबर बोबडी वळली, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळा पडला, अचानक कधी नव्हे असं डोकं दुखू लागलं किंवा उभंच राहता येईना, तर ते लक्षण पक्षाघाताचं असू शकतं. तेव्हा थेट इमर्जन्सी गाठा.

बरं झाल्यावरही काही जणांना महिन्यांनी, वर्षांनी हा त्रास पुन्हा होतो. तेव्हा जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणू नका. परत तपासून घ्या, कारण या वेळी दुसरा कान असू शकतो. ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांत ही चक्कर जास्त वेळा उलटते असं दिसून आलं आहे, त्यामुळे त्याच खेपेला रक्ताची ती चाचणीही डॉक्टरांना विचारून करून घ्या.