पॅनचा नॉब फिरवून तंबोरा सरकत नाही

"स्टीरिओ ट्रॅक डावीकडे हवाय? पॅनचा नॉब डावीकडे फिरवा." सांगली-मिरजेच्या घरगुती स्टुडिओंत हा सल्ला सर्रास ऐकू येतो. पॅन म्हणजे आवाज डावीकडे-उजवीकडे सरकवण्याची सोय. एकाच चॅनलच्या मोनो ट्रॅकसाठी हा सल्ला बरोबर आहे, डावा-उजवा असे दोन चॅनल असलेल्या स्टीरिओसाठी बहुतेक वेळा नाही.

समजा, मिरजेचा तंबोरा दोन माइक लावून रेकॉर्ड केला. एक माइक घोडीजवळ, जवारीची झणझण पकडणारा, डाव्या चॅनलवर. दुसरा भोपळ्याकडे, घुमारा घेणारा, उजव्यावर. रीपर किंवा लॉजिक या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये स्टीरिओ ट्रॅकवरचा नॉब मुळात बॅलन्सचा, म्हणजे दोन चॅनलचं प्रमाण बदलणारा असतो. तो पार डावीकडे नेला की उजवा चॅनल बंद पडतो. वाद्य जागचं हलत नाही, त्याचा घुमाराच जातो. कारागीर ज्या भोपळ्यासाठी एवढा जीव ओततो, तोच मिक्समधून गायब! मग लोक इक्यूने (ठरावीक पट्टीतले आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) 200 हर्ट्झ वाढवत बसतात. पण बंद पडलेल्या माइकचा आवाज इक्यू आणणार कुठून?

रीपरमध्ये नॉबवर राइट-क्लिक करून ड्युअल पॅन निवडा. डावा चॅनल पूर्ण डावीकडे, उजवा मध्यावर ठेवा. दोन्ही माइक ऐकू येतात आणि तंबोरा खरोखर डावीकडे बसतो. प्रो टूल्समध्ये स्टीरिओ ट्रॅकला दोन नॉब आधीपासूनच असतात.

इक्यू शक्यतो दोन्ही चॅनलना सारखाच द्या. आणि एकदा मोनोत, म्हणजे दोन्ही चॅनल एकत्र मिसळून, ऐकाच. एका माइकपर्यंत आवाजाला 34 सेंटिमीटर जास्त जावं लागत असेल, तर तो साधारण एक मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि मोनोत 500 हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. तो इक्यूने भरत नाही, रेकॉर्डिंगच्या वेळीच माइक सरकवावा लागतो.