‘एन्क्रिप्टेड आहे ना, मग कोण वाचणार?’

ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ग्राहकाचा करार टाकताना कुणी हटकलं, की हे उत्तर ठरलेलं. ते अर्धंच खरं आहे. व्हॉट्सॲपने एप्रिल 2016 मध्ये सगळ्या संभाषणांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावलं, त्यामुळे मेसेज वाटेत कुणालाच वाचता येत नाही, खुद्द कंपनीलाही नाही. पण हे कुलूप वाटेपुरतं. फोनवर पोचला की मेसेज उघडा. मीटिंगमध्ये टेबलावर ठेवलेल्या फोनच्या लॉक स्क्रीनवर झळकणारी पहिली ओळ, जेवायला जाताना कॉम्प्युटरवर चालूच राहिलेलं व्हॉट्सॲप वेब: इथे कुणाला काही फोडावं लागत नाही. नोकरी सोडून गेलेला सहकारी तर ग्रुपमध्ये तसाच असतो. (त्याला काढायचं कुणी, यावर सगळे गप्प.)

क्लाउडवरच्या बॅकअपला हे कुलूप 2021 मध्ये मिळालं, तेही सेटिंगमध्ये जाऊन आपण चालू केलं तरच.

आणि ‘डिलीट फॉर एव्हरीवन’? समोरच्याने स्क्रीनशॉट काढला असेल, किंवा अँड्रॉइड 11 मध्ये आलेली नोटिफिकेशन हिस्टरी (आलेल्या नोटिफिकेशनची फोनवर राहणारी नोंद) चालू ठेवली असेल, तर पुसलेला मजकूर त्याच्याकडे राहू शकतो.